विनाथांबा

"आवाज गेला तो गेलाच. आता ती होडी तरी जाऊ दे एकदाची."

मयेकरकाकी स्वयंपाकघरात आपल्या मुलाला सांगत होत्या. मी मागच्या दारात उभी होते, हातात आईने दिलेलं गुरगुट्या भाताचं पातेलं. सुरेशदादा आदल्या दिवशीच मुंबईहून आला होता. तो म्हणाला, "मी तेच म्हणतोय आई. पूर्णगडचा माणूस घ्यायला तयार आहे. उधाणाला येऊन ओढून नेईल."

दुसरं कुणी असतं तर खाकरलं असतं, किंवा "काकी, आहात का?" म्हणत आत शिरलं असतं. मी नुसती उभी राहिले. लोकांच्या दारात नुसतं उभं राहण्यात माझी बरीच वर्षं गेली आहेत. मग पडवीतून घंटी वाजली. टिण टिण. दोनदा. कंट्रोलरकाकांनी मला खिडकीतून पाहिलं होतं. दोन घंट्या म्हणजे चला, पुढे व्हा. मी आत गेले.

"अगो, दारात काय उभी पाहुण्यासारखी," काकी म्हणाल्या आणि पदराने डोळे पुसून पातेलं घेतलं.

काकांचं नाव दत्ताराम मयेकर. पण भाट्याच्या खाडीकाठी त्यांना सगळे कंट्रोलरच म्हणत. सगळी नोकरी त्यांनी एसटीच्या स्टँडवर माइकसमोर काढली. "प्रवाशांनी कृपया इकडे लक्ष द्यावे" या वाक्यातला "द्यावे" ते असा लांबवत की गाडी खेडला जाणारी असो की गणपतीपुळ्याला, झोपलेली माणसंही बोचकं उचलून उभी राहत. निवृत्त झाल्यावरही तो सूर गेला नाही. काकींनी चहा केला का, हे ते पडवीतून विचारत तेव्हा शेजारी आमच्या घरातही चहाची आठवण होई. कुणी पुटपुटत बोलू लागलं की काका हाताची मूठ वळून माइकसारखी त्याच्या तोंडापुढे धरत. "माइकच्या जवळ येऊन बोला."

माझ्यापुढे ती मूठ पहिल्या दिवशीच आली. वडिलांच्या बदल्यांमुळे माझं सगळं शिक्षण इंग्रजी शाळांत झालेलं. रत्नागिरीला आलो तेव्हा मी कॉलेजच्या शेवटच्या वर्षाला होते. मराठी घरात बोलायचे, पण बाहेर बोलले की कुठला तरी शब्द चुकायचा, लोक हसायचे. वाईट हेतूने नव्हे, पण हसायचे. म्हणून मी बोलणंच कमी केलं होतं. काकांनी नाव विचारलं, मी सांगितलं, ते त्यांना ऐकू आलं नाही. मूठ पुढे आली. मी मुठीकडे बघत राहिले.

"असू दे," ते म्हणाले. "प्रवासी. चालेल?"

तेव्हापासून मी प्रवासी.

निवृत्त झाल्यावर लोक घराला पुढची खोली काढतात. काकांनी शिडाची एक लहान होडी घेतली. तीही अशा दिवसांत, की आजूबाजूचे लोक डोलकाठ्या काढून होड्यांना मशीन बसवत होते. होडीच्या नाळेवर, म्हणजे पुढच्या टोकावर, त्यांनी पांढऱ्या रंगात स्वतः नाव लिहिलं: विनाथांबा. वारा पडला की ती जागच्या जागी थांबायची, आणि वारा दिवसातून एकदा तरी पडायचाच. काकी तिला "विनंती थांबा" म्हणायच्या.

"अहो, विनंती थांबा आज जाणार का? डाळ भिजत घालायची की नको?"

"गाडी लागली की सांगतो."

हे त्यांचं ठरलेलं उत्तर. कधी निघणार, कधी परतणार, कुठवर जाणार, सगळ्याला "गाडी लागली की सांगतो." आयुष्यभर चौकशीच्या खिडकीत लोकांना हे सांगताना त्यांना म्हणे लाज वाटायची. आता तेच सांगताना ते खूश दिसत.

होडीत दोन माणसं लागत. काका मागे सुकाणूवर. पुढे डोलकाठीच्या बुडाशी एक जण, कारण शीड भरलं की मागच्याला समोरचं काही दिसत नाही. जाळ्यांचे तरंगते डबे, खडक, दुसरी होडी, हे पुढच्याने ओरडून सांगायचं. काकींना होडीत मळमळायचं, त्या क्वचित येत. गावातल्या पोरांना मशीनच्या होडीत जायचं असे. म्हणून सुट्टीच्या दिवशी काका मला नेऊ लागले. आई म्हणाली, जाऊ दे, निदान घराबाहेर तरी पडेल.

पहिल्याच फेरीत मला समोर जाळ्याचा डबा दिसला. मी हात वर करून दाखवला. शिडाआडून काकांना माझा हात दिसणं शक्यच नव्हतं. डबा होडीच्या पोटाखाली गेला, दोर सुकाणूत अडकला, आणि तो सोडवायला काकांना कमरेपर्यंत पाण्यात लोंबकळावं लागलं. वर येऊन ते शर्ट पिळत म्हणाले, "प्रवासी, हात दाखवून ही गाडी थांबत नाही. बोलावं लागतं."

मी मान हलवली. पुढच्या वेळीही माझा हातच वर गेला.

तिसऱ्या खेपेला गेले तर डोलकाठीला एक छोटी पितळी घंटी बांधलेली, तिला दोरी. जुन्या गाड्यांत कंडक्टर ओढायचा तशी. "एक म्हणजे थांबा, दोन म्हणजे चला. डबा दिसला की एक. गेला की दोन. तोंडाला त्रास नको." ते यावर आणखी काही बोलले नाहीत. गप्प राहणाऱ्या माणसाला बोलतं करायला सगळेच बघतात. त्याच्या गप्पपणाची अशी सोय लावून देणारा मला दुसरा भेटला नाही.

एकदा ते वडिलांना कुंपणावरून म्हणाले, "उद्या नको, भांग आहे. दोन-तीन दिवस भांगच चालायची." मी आईला जाऊन सांगितलं, की काका भांग घेतात, तेही दोन-तीन दिवस सलग. आईने माझं होडीत जाणं बंद केलं. रविवारी काका मला बोलवायला आले तेव्हा आईने दार अर्धंच उघडलं आणि फार सभ्यपणे विचारलं, "तुम्हाला त्याने त्रास नाही होत? या वयात?"

"कशाने?"

"भांगेने."

काका तिच्याकडे बघत राहिले. मग त्यांना उलगडलं आणि ते आमच्या पायरीवर बसून हसले. हसता हसता खोकले. तो खोकला तेव्हापासूनच होता, हे आता लक्षात येतं. मग त्यांनी मला काठावर नेऊन दाखवलं. पुनवेला, अवसेला उधाण. पाणी त्या दगडी पायरीच्या वर येतं. मधल्या अष्टमीच्या सुमाराला भांग; पाणी धड चढत नाही, धड उतरतही नाही. "दमलेलं पाणी," ते म्हणाले. "होडी वर ओढलेली असली तर भांगाला तरंगायची नाही. उधाणाची वाट बघायची. चिडून उपयोग नाही."

वाट बघणं त्यांना चांगलं जमे. एकदाच ते, काकी आणि मी पूर्णगडला गेलो. पूर्णगड काकींचं माहेर. लाडवांचा डबा घेऊन त्या मोठ्या तयारीने बसल्या. सकाळचा जमिनीवरून येणारा मतलई वारा घेऊन आम्ही खाडीबाहेर पडलो, आणि पावसच्या समोर आल्यावर तो वारा संपला. समुद्र तेलासारखा. शीड ओल्या लुगड्यासारखं लोंबलं. ऊन चढलं. काकींनी छत्री उघडली.

"अहो कंट्रोलर, गाडी का थांबली?"

"तांत्रिक बिघाड."

"मग दुसरी मागवा."

"प्रवाशांनी मागून येणाऱ्या गाडीने जावे. तिकीट चालेल."

मागून खरंच एक मशीनची होडी आली. त्यातला तरुण ओरडला, "काका, टोचन देऊ काय? दोर टाका!" बंद पडलेली गाडी दुसऱ्या गाडीने दोराने ओढत नेणं म्हणजे टोचन. काका एकदम ताठ बसले. त्यांचा चेहरा असा मी कधी पाहिला नव्हता. "नको. माझ्या हयातीत ही गाडी टोचन होऊन जायची नाही." तरुण हसत निघून गेला.

काकी चिडल्या. "मेल्या मानापायी उन्हात वाळवता आम्हाला."

काका तोंडावर टोपी ओढून, माइकचा नव्हे अशा आवाजात म्हणाले, "सगळ्यांची गावं मी बोललो. दापोली, गुहागर, राजापूर, कुठकुठली. गेलो एकालाही नाही. गाडी आली, गाडी गेली, मी खिडकीतच. आता जातोय, तर माझ्या चालीने जाऊ दे."

काकींनी छत्री थोडी सरकवून त्यांच्या डोक्यावर धरली.

दुपारी समुद्राचा वारा आला. संध्याकाळी पूर्णगडला पोचलो तर काकींचे भाऊ सकाळपासून काठावर येरझारा घालत होते. "दाजी, एसटीने निघाला असतात तर दोनदा येऊन गेला असतात!"

"म्हणून तर एसटीने आलो नाही," काका म्हणाले.

असे दिवस वर्षात थोडेच. बाकीचं सगळं होडीचं काम. होडीत बसण्यापेक्षा होडीखाली पडून राहण्यात जास्त वेळ जातो, हे मला कुणी आधी सांगितलं नव्हतं. पावसाळ्यात ती माडांखाली ओढून विणलेल्या झावळ्यांच्या झापांनी झाकायची. नारळी पौर्णिमा झाली की झापं काढायची. तळाला चिकटलेल्या शिंपल्यांची खपली खरवडायची, कुठे कीड लागली का ते ठोकून बघायचं. सुकून फळ्यांच्या फटी उघडलेल्या असत. त्यात तेलात भिजवलेला कापूस बोथट छिन्नीने ठोकून बसवायचा, वर चंद्रसाची राळ आणि तेल. शीड फाटलेलं असे, दोर कुजलेले असत. एवढं करून पाण्यात ढकलली की ती गळणार, लाकूड पाणी पिऊन फुगेपर्यंत. मग डब्याने पाणी उपसत बसायचं. दरवर्षी तेच, पहिल्यापासून.

काका होडीखालून सरपटत बाहेर येत आणि गुडघ्यांवर हात ठेवून टप्प्याटप्प्याने उभे राहत. "दमलो गो," ते म्हणत.

"मग विका," काकी ओट्यावरून.

"दमलो म्हणालो. कंटाळलो म्हणालो नाही."

मग एका पावसाळ्यात त्यांचा घसा बसला तो सुटला नाही. मुंबईला नेलं. ऑपरेशन झालं. जीव वाचला, आवाज राहिला नाही. परत आले तेव्हा गळ्याला मफलर, आणि मफलरच्या आत बघायचं नाही असं सगळ्यांनी न बोलता ठरवलेलं. पहिले काही दिवस त्यांनी पाटी वापरली. मग एक दिवस माडांखाली जाऊन झापं उचकून डोलकाठीची घंटी सोडून आणली. माझी घंटी. एक म्हणजे थांबा, दोन म्हणजे चला. चहा हवा, दोन. पुरे, एक. काकी पहिल्या दिवशी हसल्या आणि लगेच आत निघून गेल्या.

सुरेशदादा वाईट नव्हता. त्याला भीती वाटत होती. भाताचं पातेलं काकींच्या हाती देऊन मी तशीच उभी राहिले, तेव्हा तो मलाच सांगू लागला, कारण मी मधे बोलणार नाही हे त्याला माहीत होतं. "बुडाले तर हाकसुद्धा मारता येणार नाही त्यांना. मी तिकडे कारखान्यात मशीनसमोर उभा असतो आणि डोक्यात हेच. किती दिवस?" त्याचे डोळे रात्रभर जागल्यासारखे होते. त्याच्या बोलण्यात खोडून काढण्यासारखं काही नव्हतं.

तो अष्टमीचा दिवस. भांग. होडी उंचावर, पाणी तिच्यापर्यंत पोचत नव्हतं. पूर्णगडचे इब्राहिमभाई पुनवेच्या उधाणाला येणार होते. मधल्या दिवसांत काका होडीखाली पडून कापूस ठोकत होते. छिन्नीचा ठकठक आवाज आमच्या घरापर्यंत येई. मी कळशीने खाडीचं पाणी आणून होडीत ओतायचे, गोणपाट भिजवून फळ्यांवर पसरायचे, म्हणजे लाकूड आधीच फुगेल. डोलकाठी कापून मशीन बसवणार असलेल्या माणसासाठी हे सगळं. न राहवून मी विचारलं, "काका, आता कशाला?"

त्यांनी पाटी घेतली. "गाडी डेपोतून धुऊनच काढायची."

काकी चहा घेऊन आल्या होत्या. नवऱ्याकडे बघून हळूच म्हणाल्या, "दमलात की कंटाळलात?"

त्यांनी पाटी पुसली. मग लिहिलं, "आता दोन्ही." काकींनी वाचलं. कपबशी त्यांच्या हातात दिली आणि शेजारी वाळूतच बसल्या.

पुनवेला दुपार व्हायच्या आत पाणी दगडी पायरीच्या वर आलं. होडी आपसूक हलली. इब्राहिमभाई आपली मशीनची होडी घेऊन आले होते. थोराड, मऊ बोलणारा माणूस. काकांना दोन्ही हातांनी सलाम केला आणि मगच दोर हातात घेतला. काका होडीत चढलेलेच होते. सगळ्यांना वाटलं, निरोप घेतायत.

दोर त्यांच्या पायाशी पडला. त्यांनी तो उचलला, नीट गुंडाळला आणि वाकून इब्राहिमभाईंच्या होडीत परत ठेवला. मग शीड वर चढवून सुकाणूपाशी जाऊन बसले. टिण टिण.

कुणाला काही कळेना. मला कळलं होतं.

"अण्णा, उतरा," सुरेशदादा म्हणाला.

टिण टिण.

"अण्णा, होडी त्यांना देऊ असं पाटीवर लिहिलंत ना तुम्ही?"

काकांनी मान डोलावली. मग पाटी वर धरली. "टोचन नाही. मी नेऊन देतो."

इब्राहिमभाईंनी पाटी वाचली आणि मशीन बंद केलं. "सुरेशभाऊ, मी मागनं मागनं येतो. दोर बांधत नाही. पण पुढं बसून बघून सांगणारं कुणीतरी पाहिजे. शिडाआडनं यांना दिसायचं नाही. आणि यांची घंटी यांच्या हातात."

"तेच तर म्हणतोय मी! कोण बसणार? मला शिडातलं काय कळतं? हाक मारायला माणूस नको?" त्याने उतरवून घ्यायला हात पुढे केला. "उतरा ना अण्णा. खूप झालं."

काकींनी पदर तोंडाशी धरला होता. पाणी भरून थांबलं होतं. अजून थोड्या वेळाने उतरायला लागलं असतं. समुद्रावरून वारा सुरू झाला होता, शिडाची कड थरथरत होती.

मी चपला काढल्या. पाण्यातून जाऊन होडीच्या काठावर हात ठेवला, चढले आणि डोलकाठीच्या बुडाशी माझ्या जागेवर बसले. घंटी बांधायच्या जागी नुसती दोरी लोंबत होती. मागून आई काहीतरी म्हणाली. सुरेशदादा म्हणाला, "ही? ही तर..." आणि थांबला.

मी वळून पाहिलं. काका सुकाणू बगलेत धरून बसले होते. डोक्यावर ती उन्हाने विटलेली टोपी, गळ्याला काकींनी घट्ट बांधलेला मफलर, आणि त्यात अगदी बारीक झालेली मान. ते मला सोडून कुणाकडेच बघत नव्हते. त्यांनी घंटी खाली ठेवली, थोडं पुढे सरकून हात लांब केला आणि अजून न भरलेल्या शिडाच्या कडेवरून माझ्यापुढे मूठ धरली.

त्यांनी ती खाली घेतली नाही.

मी पुढे वाकले. माइकच्या जवळ आले. शेवटचं अक्षर ते लांबवत तसंच लांबवून, सगळ्या काठाला ऐकू जाईल अशा आवाजात मी म्हणाले:

"प्रवाशांनी कृपया इकडे लक्ष द्यावे. भाट्याहून पूर्णगडला जाणारी विनाथांबा आता सुटत आहे. बाकीच्या मंडळींनी मागून एसटीने यावे."